टोमॅटोच्या राखणीला सुपरहिरो

मी एकदा एका सुपरहिरोला सुतळीने बांधून टोमॅटोच्या तारेवर टांगला होता. जिवंत नव्हे, गेमच्या सीडीवर छापलेला. तोही आमचा नव्हे, नातीने मैत्रिणीकडून उसना आणलेला. एवढंच करून थांबले असते तर आज तो घरातला एक विनोद झाला असता. मी थांबले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तेव्हा मी साठीच्या अलीकडे-पलीकडे होते. आजच्या मानाने तरुणच म्हणायची. गुडघे स्वतःचे होते, दात बरेचसे स्वतःचे होते, अक्कल तेवढी यायची राहिली होती. नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा. शेवंती, झेंडू, कोथिंबीर आणि बांबू-तारांवर चढवलेले टोमॅटो. टोमॅटो लाल व्हायला लागले की साळुंक्या आणि बुलबुल हजर. त्यांनी एखादा टोमॅटो पुरता खाल्ला असता तर माझं म्हणणं नव्हतं. पण मंडईत काही बायका ढिगातल्या प्रत्येक काकडीला नख लावून बघतात, तसं त्यांचं चाले. प्रत्येकाला एक टोच, आणि पुढे.

कोणाच्या तरी द्राक्षबागेत मी जुन्या सीड्या टांगलेल्या पाहिल्या. वाऱ्यावर फिरतात, ऊन चमकतं, पाखरं बुजतात. घरी येऊन ही कल्पना मी स्वतःची म्हणून सांगितली. घरात अडगळीत पडलेल्या सीड्या गोळा केल्या. भजनांच्या, हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाच्या, नातेवाइकांच्या बारशांच्या. मधे आयतं भोक होतंच. ते सुतळीसाठीच ठेवलेलं असणार अशी माझी खात्री होती. मुलाच्या लग्नाची सीडीसुद्धा मी लटकवली, म्हणजे आमची अख्खी वरात त्या सरीत वाऱ्यावर गरगरत होती. सुनेला ते उशिरा कळलं. त्या दिवशीच्या आमटीत मीठ नव्हतं.

शेजारच्या मळ्यातल्या बायका बघायला आल्या. "मावशी, डोकं लय चालतं बरं तुमचं," एक जण म्हणाली, आणि त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले. आता एकच अडचण होती. टोमॅटोच्या सरी पुष्कळ आणि सीड्या संपलेल्या.

आता नातीकडे येते. मुलाची मुलगी, तेव्हा सहावीत. त्याच वर्षी तिला गावाच्या शाळेतून काढून शहरातल्या मोठ्या शाळेत घातली होती. तिथे तिला 'मळेवाली' म्हणत. डब्यात मेथीची भाजी नेली तरी हसत. वर्गात तिची एकच मैत्रीण झाली. मळ्याला लागून नवी सोसायटी उभी राहिली होती, तिथली. दोघी बसमध्ये शेजारी बसायच्या. आमच्या घरात टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन नातीच्या मामाने जुनं झालं म्हणून देऊन टाकलेलं होतं, आणि मैत्रिणीने तिला त्यावर खेळायला तो सुपरहिरोचा गेम दिला होता. माझ्या डोळ्यांना ते एक कव्हर आणि आत एक सीडी. तिला ती पहिल्या मैत्रिणीने विश्वासाने दिलेली पहिली वस्तू होती. हे मला तेव्हा कळलं नाही. माझ्या पोतडीत तेव्हा बरंच काही होतं, हे नव्हतं.

तो सुपरहिरो परदेशी सिनेमातला. हिंदीत बोलणारा सिनेमा आम्ही सगळे मिळून बघून आलो होतो. तांब्याच्या रंगाचा मुखवटा, वटारलेले पांढरे डोळे, आणि कानांच्या जागी शंखासारखी दोन वेटोळी. त्याला म्हणे अख्ख्या शहरातला कुठलाही आवाज ऐकू येतो. सिनेमाभर मात्र तो ऐकण्याचं सोडून इमारती पाडत सुटला होता. मी मध्यंतरानंतर झोपले.

एका दुपारी मी ओट्यावर कोथिंबीर निवडत होते आणि नात माझ्यासमोर बसून त्या गेमबद्दल सांगत होती. ती रोजच काहीतरी सांगायची आणि मी रोजच 'हो का' म्हणायची. त्या दिवशी ती म्हणाली, "आजी, सिनेमावरून काढलेले गेम ना, सगळे कचरा असतात. फक्त वरती हिरोचा फोटो चिकटवतात आणि आत काहीच नसतं. सगळे हेच म्हणतात. पण हा..."

'पण हा'च्या पुढे मी नव्हतेच. मी उठून गॅस बंद करायला गेले होते. माझ्या कानात एवढंच राहिलं की कचरा आहे, आत काही नाही, वरती फोटो आहे.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी कव्हर उघडलं, सीडी काढली आणि कव्हर पुन्हा बंद करून जागेवर ठेवलं. टापटीप मला पहिल्यापासून आवडते. मळ्यात जाऊन मधल्या सरीत, सगळ्यांना दिसेल अशा जागी, सुतळीला माझी ती दुहेरी गाठ मारून त्याला टांगला. बाकीच्या सीड्या नुसत्या चमकायच्या, हा चमकून वर डोळेही वटारायचा. तोडणीला आलेली बाई थबकली.

"मावशी, ह्यो कोन? म्हसोबा हाय का?"

"परदेशातला म्हसोबा आहे."

"मग नारळ फोडायचा का केक कापायचा?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी त्या सरीतून परत येताना मागे वळून वळून बघत होते, इतकी मी स्वतःवर खूश होते.

पुढचे काही दिवस नातीची परीक्षा होती, मशीनला हात लावायला बंदी होती. परीक्षा संपल्यावर मैत्रिणीने गेम परत मागितला. नातीने कव्हर उघडून न बघता दिलं. मैत्रिणीने घरी जाऊन उघडलं, तर रिकामं.

घरात शोधाशोध सुरू झाली. नात रडवेली होऊन गाद्या उचलत होती आणि म्हणत होती, "डिस्क गेली, डिस्क कुठेय?" आता तुम्ही मला हसा. मला डिस्क एकच माहीत होती, पाठीच्या कण्यातली. आमच्या भजनी मंडळातल्या एकीची सरकली होती, ती दोन महिने फळीवर झोपून होती. या पोरीच्या पाठीचं काय झालं म्हणून मी तिला तेल लावायला बोलावलं.

"तेल कशाला?" ती ओरडली. "डिस्क सापडत नाहीये!"

गेमचा काहीतरी भाग हरवलाय एवढं मला कळलं. एखादा खटका, एखादा खिळा. मीही पलंगाखाली डोकावले. त्या चार दिवसांतलं माझं मन अगदी स्वच्छ होतं. या सगळ्या गोष्टीत तेवढेच माझे बरे दिवस.

मग एका संध्याकाळी मैत्रिणीची आई मुलीला घेऊन आली. चांगली शिकलेली, नीट बोलणारी बाई. दर शुक्रवारी माझ्याकडून शेवंती न्यायची, आणि मी तिला मुद्दाम चार फुलं जास्त घालायची. मळ्यातली माणसं अडाणी नसतात, हे तिला दाखवायची मला फार हौस होती. चहा मीच केला. बशीत चिवडा ठेवला.

"काकू, वस्तू हरवली तर हरवली म्हणावं," ती म्हणाली. "आम्ही काही खाणार नाही. पण रिकामं कव्हर हातात द्यायचं आणि वर म्हणायचं की डिस्क आतच होती. मग काय, माझी मुलगी खोटं बोलतेय?"

नात दाराला टेकून उभी होती. "मी आतच ठेवली होती," ती म्हणाली. "खरंच."

"पण म्हणजे ही डिस्क दिसते कशी?" मी विचारलं.

त्या बाईने दोन्ही हातांची बोटं जुळवून एक गोल केला. "अशी. सीडीसारखी. मागून चकचकीत, पुढे त्या हिरोचं तोंड."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून टोमॅटोच्या तारा दिसतात. ऊन कलायला आलं होतं. तिच्या मागच्या भिंतीवर उजेडाचे गोल कवडसे फिरत होते. माझ्याच सीड्यांचे. त्यातला कुठला कोणाचा हे मला ओळखता येत नव्हतं, पण मी तिकडेच बघत राहिले.

तिथे तोंड उघडायचं होतं. "अहो, मीच टांगली हो पाखरांसाठी," एवढं वाक्य. ती हसली असती, कदाचित मळेवाल्यांची गंमत म्हणून सोसायटीत सांगितली असती, आणि संपलं असतं. मला तेच नको होतं. मी म्हणाले,

"मुली वेंधळ्या असतात हो. आमची जरा जास्तच आहे."

आणि तेवढ्याने भागेना म्हणून नातीकडे वळून, त्या बाईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "खरं बोलायला काही पैसे पडतात का गं?"

भजनी मंडळात मुलांवरच्या संस्कारांवर मीच बोलायची. तो आवाज मला सहज लागला.

नात माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. "मी खरंच बोलतेय आजी," म्हणाली आणि आत गेली. तिच्या वडिलांनी त्याच संध्याकाळी मशीन चादरीत गुंडाळून कपाटावर टाकलं. खोटं बोलणाऱ्या पोरीला खेळ नाही, असा न्याय झाला. न्यायाधीशाच्या शेजारी मी बसले होते.

मी दुसऱ्या दिवशी त्याला काढायला गेले. तोडणी चालू होती, बायका होत्या. त्यांच्यासमोर काढला तर विचारतील. तिसऱ्या दिवशी मुलगा पाण्याची पाइपलाइन बघत तिथेच उभा. चौथ्या दिवशी काय कारण होतं ते आता आठवत नाही, म्हणजे नसावंच. तो तसाच फिरत राहिला आणि मी रोज खिडकीतून बघत राहिले.

इकडे बसमधली जागा बदलली. मैत्रीण दुसरीकडे बसायला लागली. नातीचा डबा अर्धा परत यायचा. ओट्यावर मी कोथिंबीर निवडायला बसले की ती समोर येऊन बसायची, तेही बंद झालं. 'हो का' म्हणायला कोणी नव्हतं. शाळेतून आली की दप्तर टाकून ती मळ्यात जायची आणि टोमॅटोच्या सरींत एकटीच बसायची. मी सुनेला म्हणायचे, "रुसलीय. बसू दे. येईल आपोआप."

शेवटी एका दुपारी मळ्यात कोणी नाही असं बघून मी गाठ सोडली. माझीच दुहेरी गाठ, सुटता सुटेना. त्याच्या तोंडावर फवारणीच्या औषधाचे पांढुरके डाग पडले होते, मागे तारेने घासून घासून रेघाच रेघा. पदराखाली घालून आणला. त्या संध्याकाळी जेवताना नातीने पुन्हा भात मागून घेतला. मला किती बरं वाटलं. चला, पोर खायला लागली, विसरली.

पुढच्या दिवशी मी त्याला पिशवीत घालून शहरात गेमच्या दुकानात गेले. दुकानदार तरुण होता, त्याने सीडी उजेडात धरली.

"आजी, हिच्यावर गाजर किसलं का?"

"दुरुस्त होईल का ते सांग."

"हे आता नाही चालणार. नवी घ्या. बाकी तुमच्या नातवंडांची चॉईस भारी आहे हां. सिनेमावरचे गेम मी दुकानात ठेवतच नाही. सिनेमाबरोबर येतात आणि सिनेमाच्या आधी जातात. हा एकच टिकलाय. सिनेमा कोणाला आठवत नाही, हा अजून मागतात."

"असं काय आहे त्यात?"

त्याला तेवढंच हवं होतं. दुकानातल्या टीव्हीवर लावला आणि मोठे हेडफोन माझ्या पदरावरूनच कानांवर बसवले. मी दोन-चार इमारती पडतील म्हणून तयारीत होते. तसलं काही झालं नाही. भूकंपात शहर पडलेलं. हिरोचं काम एकच, ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं आवाजावरून शोधायची. तो पळाला की त्याच्याच बुटांचा आवाज सगळं झाकून टाकी. थांबला की हळूहळू ऐकू यायला लागे. पाणी ठिबकतंय. दूर कुठेतरी कुत्रं. आणि अगदी खालून, कोणीतरी चमच्याने पाइपवर वाजवतंय.

दुकानदार सवयीने हिरोला पळवायला लागला. "अरे थांब की जरा," मी ओरडले, "उजवीकडे कोणीतरी आहे!" तो थांबला. उजवीकडेच होतं. दगड बाजूला झाले आणि खाली एक म्हातारी होती, हातात चमचा. दुकानदाराने टाळी दिली. "आजी, कान काय आहेत तुमचे!"

मी हेडफोन काढून ठेवले. पोरगी मला महिनाभर ओट्यावर बसून हेच सांगत होती.

नवी सीडी घेतली. किंमत सांगत नाही, एकाच गोष्टीची लाज पुरे आहे. दुकानातून निघाले तेव्हा माझा बेत होता की घरी जाऊन सगळं सांगायचं. पंचवटीपर्यंत तो बेत टिकला. पुढे रिक्षात दुसरा सुचला.

घरी येऊन मी नवी सीडी कव्हरमधून काढली, जुनी वाटावी म्हणून पदराने उगाच घासली, आणि सोफ्याच्या मागे टाकली. रविवारी सगळे घरात असताना झाडू घेऊन सोफा सरकवला. "अगंबाई! हे काय गोल गोल?" या वाक्याची मी न्हाणीघरात तालीम केली होती. माझा तो आवाज आठवला की अजून मला कानांत बोटं घालावीशी वाटतात.

सगळे धावत आले. नातीने सीडी हातात घेतली. पुढून बघितली, उलटून मागून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

"हीच का गं?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "हीच."

"बघ," तिचे वडील म्हणाले, "तूच पाडली होतीस ना? आणि घर डोक्यावर घेतलं होतंस. आजीला थँक्यू म्हण."

"थँक्यू आजी."

ते थँक्यू मी घेतलं. डोक्यावर हात ठेवून, हसून घेतलं. "असू दे गं, होतं असं," म्हणाले.

सीडी परत गेली. "सापडली ना, बरं झालं," असा मैत्रिणीच्या आईचा फोन आला. पण बसमधली जागा काही पुन्हा बदलली नाही. पुढल्या वर्षी त्या दोघींच्या तुकड्या वेगळ्या झाल्या. जुनी सीडी मी शेणखताच्या खड्ड्यात पुरली होती. पुढच्या वर्षी खत पसरताना तो पुन्हा वर आला, तसाच डोळे वटारून. मग धुऊन माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवला. टाकायचा धीर झाला नाही आणि दाखवायचा तर नव्हताच.

नात आता पुण्याला नोकरी करते. गेल्या दिवाळीत आली तेव्हा लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसली. तोच गेम नव्याने रंगरंगोटी करून पुन्हा आलाय म्हणे. "आजी, तू ऐक, मी चालवते," म्हणाली आणि माझ्या कानांवर हेडफोन बसवले. त्या म्हातारीपाशी आलो. पाणी ठिबकत होतं. चमचा वाजायला लागला आणि मला पुढे ऐकवेना. मी हेडफोन काढले. म्हणाले, "बाळा, तुझी ती सीडी मी टांगली होती. टोमॅटोत. आणि त्या बाईसमोर तुला खोटी पाडली."

ती हसेल असं वाटलं होतं, किंवा चिडेल. तिने गेम थांबवलासुद्धा नाही. पडद्याकडे बघतच बोलली:

"माहीत आहे गं. ती काकू येऊन गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीच दिसला होता मला. मी रोज शाळेतून येऊन बघायचे, आज तरी तू काढलास का. साळुंक्या त्याच्या डोक्यावरच्या तारेवर बसायच्या, तुला सांगितलं नाही, वाईट वाटलं असतं. मग एक दिवस तो तिथे नव्हता. मला वाटलं, आज जेवताना सांगशील. म्हणून मी उगाचच पुन्हा भात मागून घेतला होता."